खराटा आणि कॅमेरा

(चिखलदरा येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)

चिखलदऱ्यास येणाऱ्या प्रवाशाच्या गळ्यात पूर्वी कॅमेरा असे, आता त्याच्या हातात मोबाइल असतो. भीमकुंडाची दरी, गाविलगडाचा दरवाजा, कॉफीची झाडे आणि पावसाळ्यातील धुके यांची छायाचित्रे घेऊन तो परतवाड्याच्या रस्त्याने खाली उतरतो. ती छायाचित्रे खोटी नसतात. धुके खरेच असते आणि दरीही खरीच असते. परंतु याच तालुक्यातील एखाद्या गावी कोरकू माता आपले मूल गमावते, तेव्हा त्या घराचे छायाचित्र बहुधा निघत नाही. निघालेच तर ते पावसाळ्यातील एका आठवड्यापुरते निघते. एका हडकुळ्या मुलाचे चित्र मुंबई-नागपूरच्या पत्रांत छापून येते, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो, मंत्रिमहोदयांचा दौरा होतो, आणि पाऊस ओसरला की त्याबरोबर ते चित्रही ओसरते.

एकाच तालुक्याची ही दोन चित्रे आहेत. पहिल्यात माणूसच नाही. दुसऱ्यात माणूस आहे, पण त्याला नाव नाही, गाव नाही, आणि त्याच्या अवस्थेला जबाबदार कोण याचा पत्ता नाही. या दोहोंहून वेगळे असे तिसरे चित्र काढता येते काय, आणि काढले तर त्याचा परिवर्तनाच्या चळवळीला उपयोग काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. वऱ्हाडातच जन्मलेल्या एका वृत्तछायाचित्रकाराच्या कामाकडे नीट पाहिले तरी पुरे. त्यांचे नाव सुधारक ओलवे.

यादीबाहेरचा माणूस

ओलवे यांचा जन्म १९६६ साली अकोल्यास झाला. १९८८ पासून त्यांनी निरनिराळ्या वृत्तपत्रांसाठी छायाचित्रकार म्हणून काम केले. २०१६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. एवढा तपशील कोणत्याही परिचयपत्रिकेत सापडेल. कार्यकर्त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या सालांच्या मधले काम.

वऱ्हाडाला सुधारक हा शब्द नवा नाही. गोपाळ गणेश आगरकर अकोल्यास शिकले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ हे पत्र काढले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी अकोल्याचा सुधारक नावाचा एक तरुण वृत्तपत्राच्या व्यवसायात आला. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावरून काही सिद्ध होत नाही. तरीही दोघांच्या कामातील एक साम्य नोंदवण्यासारखे आहे. सभ्य समाज जे बोलायला तयार नव्हता ते आगरकरांनी बोलून दाखवले. सभ्य समाज जे पाहायला तयार नव्हता ते ओलवे यांनी त्याच्या डोळ्यांपुढे धरले.

ज्या काळात ते या व्यवसायात आले तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. १९८२ च्या संपानंतर मुंबईचे गिरणगाव मोडकळीस आले होते. १९९१ साली नवे आर्थिक धोरण आले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगलींनी शहराचे मन दुभंगले. याच दशकात मोठ्या वृत्तपत्रांचा चेहरामोहरा बदलला. वाचकाला नागरिक मानण्याऐवजी ग्राहक मानले जाऊ लागले. कामगार पहिल्या पानावरून आतल्या पानावर गेला आणि आतल्या पानावरून पानाबाहेर गेला. त्याच्या जागी श्रीमंतांच्या मेजवान्या, नटनट्यांचे समारंभ आणि नव्या दुकानांची उद्घाटने आली.

वृत्तपत्रातील छायाचित्रकाराचा दिवस नेमून दिलेल्या कामांनी भरलेला असतो. सकाळी पत्रकार परिषद, दुपारी उद्घाटन, संध्याकाळी सामना, मध्येच एखादा अपघात. त्या यादीत गटारात उतरणारा माणूस कधी नसतो. तो गुदमरून मेला तर दोन ओळींची बातमी होते, आणि तीत त्याच्या नावाऐवजी ‘एक कामगार’ एवढेच येण्याची शक्यता अधिक. म्हणून सफाई कामगाराचे जीवन दाखवायचे तर छायाचित्रकाराला यादीबाहेर पाऊल टाकावे लागते. या शतकाच्या उंबरठ्यावर ओलवे यांनी ते टाकले. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे ते काढू लागले, आणि हा विषय पुढे त्यांच्या हातून सुटला नाही.

त्यांनी ही चित्रे कृष्णधवल काढली. रंग वगळल्याने घाणीचे किळसवाणेपण मागे पडते आणि माणसाचा चेहरा पुढे येतो. पाहणाऱ्याला नाक मुरडून मान फिरवण्याची सोय राहत नाही. मॅनहोलमध्ये उतरलेला, कचऱ्याच्या गाडीवर उभा राहिलेला, आणि काम संपल्यावर आपल्या खोलीत बायकामुलांत बसलेला असा एकच माणूस त्यांत दिसतो. पुढे या कामाचे पुस्तक झाले. नॅशनल जिऑग्राफिक संस्थेच्या ‘ऑल रोड्स’ उपक्रमात त्याचा गौरव झाला. ओलवे यांची छायाचित्रे अ‍ॅम्स्टरडॅम, लिस्बन, वॉशिंग्टन, ढाका अशा शहरांतही पोहोचली. मुंबईत रोज पहाटे जो माणूस शेकडो घरांच्या दारावरून जातो, त्याला पाहण्यासाठी परदेशातील प्रदर्शनापर्यंत जावे लागावे, यात शहाण्यासुरत्या समाजाने विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

खराट्याचे दोन अर्थ

अमरावती जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे खराट्याचा विषय निघाला की गाडगेबाबांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या या परीट कुटुंबातील पुरुषाने गावोगाव जाऊन आधी गाव झाडला आणि मग रात्री कीर्तनात माणसांची मने झाडली. गाडगेबाबांनी खराटा स्वतःच्या हाती घेतला, दुसऱ्याच्या हाती दिला नाही. जन्माने ज्यांच्या माथी हे काम मारले होते त्यांना त्यांनी ‘तुम्ही झाडा’ असे सांगितले नाही. जे झाडण्याला कमीपणाचे मानत होते त्यांच्या दारात ते स्वतः झाडू लागले.

याच भूमिकेचा दुसरा धागा कोकणात सापडतो. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आपणांस भंगीकाम करू द्यावे म्हणून आग्रह धरला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण केले. स्वखुशीने हाती घेतलेला खराटा माणसाला मोठा करतो. जन्मावरून हाती दिलेला खराटा म्हणजे बेडी असते. वस्तू एकच, पण अर्थ अगदी उलट.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, तेव्हा देशभर पुढाऱ्यांच्या हाती खराटे आले आणि त्यांच्यासमोर कॅमेरे आले. खराटा आणि कॅमेरा यांची अशी जोडी यापूर्वी क्वचितच जमली असेल. त्या छायाचित्रांच्या चौकटीत पुढारी होते, अधिकारी होते, नट होते. ज्याच्या हातातून तो खराटा घडीभर मागून घेतला होता तो कामगार मात्र चौकटीच्या बाहेर उभा होता. ओलवे यांचे काम या चित्राच्या नेमके उलट आहे. चौकटीबाहेरच्या माणसाला त्यांनी चौकटीच्या मध्यभागी आणले, आणि त्याला खराट्यासकट न आणता त्याच्या घरासकट आणले.

ते घर महत्त्वाचे आहे, कारण जातीचा फास तेथे दिसतो. मुंबईचे कायम सफाई कामगार तीस हजारांच्या घरात. त्यांतील बहुसंख्य दलित जातींतले. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याची नोकरी मिळते. ही सवलत लढून मिळालेली आहे आणि ती काढून घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. पण पालिकेच्या वसाहतीतली खोली नोकरीशी बांधलेली असते. बाप निवृत्त झाला किंवा मेला आणि मुलाने खराटा हाती घेतला नाही, तर राहते छप्पर जाते. मुलगा पदवीधर असला तरी प्रश्न तोच राहतो. कायद्याने अस्पृश्यता गेली, पण घराच्या किल्लीने ती टिकवून धरली. ही गुंतागुंत हजार शब्दांच्या अग्रलेखातही पुरी उतरत नाही. एका खोलीत बसलेल्या तीन पिढ्यांचे छायाचित्र ती क्षणात सांगते.

कामगार की स्वयंसेवक?

येथे कोणी कार्यकर्ता विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की चित्रे निघाली, प्रदर्शने भरली, पद्मश्री मिळाली. कामगाराच्या पदरात काय पडले? ज्या राज्यसंस्थेने छायाचित्रकाराला सन्मान दिला तिच्याच कारभारात माणूस गटारात उतरायचा थांबला नाही. हाताने मैला उचलण्याला बंदी करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागते याचाच अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत.

प्रश्न रास्त आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, छायाचित्र न्याय देत नाही. ते फक्त साक्ष देते. आणि साक्षीदाराच्या पाठीशी कोणी उभे नसेल तर साक्ष वाया जाते.

हे मुंबईच्याच उदाहरणावरून पाहावे. पालिका कामगार संघटित करण्याचे काम समाजवादी चळवळीला नवे नाही. पी. डिमेलो आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या पिढीने ते केले. कायम कामगाराला त्यातून बळ आले. पण नव्वदीच्या दशकापासून पालिकेने कचऱ्याचे काम कंत्राटदारांकडे सोपवायला सुरुवात केली, आणि कामगार कायद्याचा अंमल टाळण्यासाठी नामी युक्ती निघाली. कंत्राटाऐवजी संस्थांशी करार, आणि कामगाराला कागदावर नाव ‘स्वयंसेवक’. स्वयंसेवकाला मजुरी नसते, मानधन असते. त्याला रजा नसते, भविष्यनिर्वाह निधी नसतो. डोक्यावर कचऱ्याची पाटी घेऊन जिना उतरणारा माणूस डोळ्यांना कामगार दिसत होता आणि नोंदवहीत तो समाजसेवा करीत होता!

कचरा वाहतूक श्रमिक संघाने या खोट्या नोंदीविरुद्ध वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा दिला, मोर्चे काढले, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. तो विजय संघटनेचा आहे. त्याचे श्रेय छायाचित्रकाराला देणे चुकीचे होईल, आणि कोणताही प्रामाणिक छायाचित्रकार ते घेणार नाही. परंतु त्या काळात या कामगाराचा चेहरा समाजापुढे ठेवणारे थोडे लोक होते, त्यांत ओलवे होते. संघटना कागदावरचे खोटे खोडते. छायाचित्र त्या खोट्यावर विश्वास ठेवणे समाजाला अवघड करते. ही दोन्ही कामे निराळी आहेत आणि दोन्ही लागतात.

कर्नाटकातील उदाहरणही ध्यानात ठेवावे. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या वसाहतीत सफाई कामगाराच्या घरी जन्मलेल्या बेझवाडा विल्सन यांनी तेथील कोरड्या शौचकुपांची छायाचित्रे काढून ती राज्यकर्त्यांपुढे ठेवली. अशी शौचकूप अस्तित्वातच नाहीत, या दाव्याला त्यांचे उत्तर छायाचित्र हे होते. पुढे त्यांनी सफाई कर्मचारी आंदोलन उभे केले, आणि २०१४ चा निवाडा त्याच आंदोलनाच्या याचिकेवर झाला. विल्सन यांचा कॅमेरा कलावंताचा नव्हता, कार्यकर्त्याचा होता. २०१६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला; त्याच वर्षी ओलवे यांना पद्मश्री. एक छायाचित्रणातून या प्रश्नापाशी आला, दुसरा या प्रश्नातून छायाचित्रणापाशी गेला.

दयेचे चित्र, हक्काचे चित्र

सर्वच दुःखाची छायाचित्रे सारखी नसतात, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत लुईस हाईन नावाचा एक शिक्षक होता. १९०८ पासून त्याने तेथील राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी कापडगिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढली. मालक आत येऊ देत नसत, म्हणून तो कधी बायबल विकणाऱ्याचे तर कधी यंत्रांची छायाचित्रे काढणाऱ्याचे सोंग घेई. मुलाची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजी. नाव, वय, मजुरी, कामाचे तास खिशातल्या वहीत टिपून ठेवी. त्याचे प्रत्येक चित्र म्हणजे एक दाखला होता आणि त्या दाखल्याच्या मागे समिती उभी होती. देशभर बालमजुरीवर निर्बंध घालणारा कायदा अमेरिकेत १९३८ साली झाला. तीस वर्षे लागली. हाईन १९४० साली हलाखीत वारला, पण त्याच्या हाताखालून गेलेल्या मुलांना नावे राहिली.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे. १९९३ साली सुदानमधील दुष्काळात केव्हिन कार्टर या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकाराने भुकेने जमिनीवर कोसळलेल्या एका बालकाचे आणि त्याच्या मागे बसलेल्या गिधाडाचे छायाचित्र काढले. ते जगभर छापले गेले. १९९४ चे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले, आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात कार्टरने आत्महत्या केली. तो निर्दय माणूस नव्हता. गिधाडाला त्याने हुसकावले होते. पण ते मूल कोण, कोणाचे, पुढे त्याचे काय झाले, हे चित्रात नव्हते. जगाने त्याला कैक वर्षे मुलगी समजून अश्रू ढाळले. २०११ साली एका स्पॅनिश वृत्तपत्राने त्या गावी चौकशी केली तेव्हा कळले की तो मुलगा होता, त्या दुष्काळातून तो वाचला होता आणि पुढे तरुणपणी तापाने गेला. ज्या चित्राने साऱ्या जगाला हलवले त्या चित्रातील मुलाचे नाव विचारायला अठरा वर्षे लागली!

हाईनच्या चित्रातून मागणी निघते, कार्टरच्या चित्रातून हुंदका. हुंदक्याची टवाळी करण्याचे कारण नाही; त्यातून मदतीच्या पेट्या भरतात. पण दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते आणि हक्क हा घेणाऱ्याच्या बळावर. समाजवादी कार्यकर्त्याला यांतले कोणते चित्र हवे, हे सांगण्याची गरज नसावी.

ओलवे यांच्या कामाची पारख याच कसोटीवर करावी. कामाठीपुऱ्यातील स्त्रियांची छायाचित्रे त्यांनी काढली. जातीय अत्याचारांत ज्यांची माणसे मारली गेली अशा दलित कुटुंबांच्या घरी ते गेले. अशा घरी बातमीदार पहिल्या दिवशी जातात. गुन्हा ताजा असतो, पुढारी भेटी देतात, मदतीचे धनादेश वाटले जातात. त्यानंतरची वर्षे कोणी पाहत नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला, महाराष्ट्र हादरला. नोव्हेंबर २०१७ मध्ये साक्षीदार उलटल्याने सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले, तेव्हा महाराष्ट्र तितका हादरला नाही. तो खटला सत्र न्यायालयात संपला; त्या आईबापांच्या घरात तो संपला नाही. बातमी शिळी झाल्यावर दारात उभा राहणारा छायाचित्रकार हा बातमीदार उरत नाही, तो साक्षीदार होतो. फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्टच्या कार्यशाळांतून वंचित घरांतील मुलांच्या हाती कॅमेरा देण्याचे जे काम ओलवे यांनी केले, तेही याच दृष्टीचे फळ आहे. ज्याचे चित्र काढले जात होते तो आता स्वतः चित्र काढील, हे त्यामागचे तत्त्व.

मेळघाटासाठी

कार्टरचे ते छायाचित्र छापले गेले त्याच १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र खडबडून जागा झाला. धारणी आणि चिखलदरा ही नावे त्या वर्षी मुंबईच्या मध्यमवर्गाला ठाऊक झाली. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या, आदेश निघाले, १९९५ साली नवसंजीवन योजना आली. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, योजनांची नावे बदलत गेली, आणि पावसाळ्यातल्या बातम्या मात्र बंद झाल्या नाहीत.

असे का व्हावे? एक कारण असे की, मेळघाटचे जे चित्र बाहेर गेले ते बहुतांशी दयेचे गेले. भुकेल्या मुलाचे चित्र पाहून लोकांना वाटले, येथे धान्य पाठवले की झाले, औषध पाठवले की झाले. पण बैरागडला ठाण मांडून बसलेल्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना लवकरच उमगले की, हा रोग केवळ दवाखान्यात बरा होणारा नाही. शेतीत आणि मजुरीत सुधारणा झाल्याशिवाय मूल जगणार नाही. मुलाच्या हाडांच्या मागे आईचा पंडुरोग असतो, आईच्या पंडुरोगाच्या मागे लवकरचे लग्न आणि अर्धपोटी मोलमजुरी असते, मोलमजुरीच्या मागे थकलेले मजुरीचे पैसे आणि पीक काढणीसाठी दूर जाणे असते, आणि त्याच्याही मागे जंगल असते, जे १९७४ च्या व्याघ्रप्रकल्पानंतर कोरकूंना अधिकच परके झाले. ही साखळी आहे. कॅमेरा तिच्या शेवटच्या कडीवर रोखला जातो, आणि पहिल्या कडीवर ज्यांचा हात आहे ते निर्धास्त राहतात.

म्हणून मेळघाटातील कार्यकर्त्याने काय टिपावे? मोबाइल आता प्रत्येकाच्या खिशात आहे. कुपोषित मूल दिसले की चित्र काढायचे आणि चार लोकांना पाठवायचे, हे सोपे झाले आहे, आणि सोपे झाले म्हणूनच घातकही झाले आहे. आधी त्या आईला तिच्या भाषेत विचारावे. मराठी आणि कोरकू या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा आहेत. मान डोलावली म्हणजे संमती मिळाली असे धरू नये. चित्राबरोबर तारीख, गाव आणि नाव लिहून ठेवावे. नाव जाहीर करायचे की नाही हे त्या कुटुंबाने ठरवावे, पण संघटनेच्या वहीत ते असलेच पाहिजे.

मुलाच्या चित्राआधी कारणांची चित्रे काढावीत. कुलूप लागलेले रेशनचे दुकान, डॉक्टर नसलेला दवाखाना, पावसात तुटलेला रस्ता, मजुरी न मिळालेल्या मजुराचे पत्रक, पोराबाळांसह परतवाड्याच्या एसटी स्थानकावर बसलेले स्थलांतरित कुटुंब. ही चित्रे पाहून कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. पण ती अर्जाला जोडता येतात, ग्रामसभेत दाखवता येतात, न्यायालयात दाखल करता येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुन्हा जावे. चार महिन्यांनी त्याच घरी जाऊन पुन्हा चित्र काढावे आणि पहिल्या चित्राची प्रत त्या घरी द्यावी. जो परत जात नाही त्याने काढलेले चित्र म्हणजे उसनवारी न फेडलेली वस्तू होय.

मेळघाटाने तिसरे चित्रही दिले आहे, ते विसरू नये. डोंगराच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड झालेली टेकडी गावकऱ्यांनी राखली, झाडे लावली, सीताफळे विकली. तेथला कोरकू बाहेरच्या माणसापुढे हात पसरून उभा नाही. आपल्या जंगलाचा हिशोब तो स्वतः ठेवतो. हिशोबाची वही घेऊन बसलेल्या त्या ग्रामसभेचे छायाचित्र हडकुळ्या मुलाच्या छायाचित्राइतके छापले गेले असते, तर शासनाला आणि समाजाला मेळघाटचा प्रश्न अधिक लवकर कळला असता.

मित्रहो, गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा चाले आणि मगच कीर्तन होई. आज क्रम उलटला आहे. कीर्तने पुष्कळ होतात आणि झाडलोट दुसऱ्यावर सोपवली जाते. अकोल्याच्या एका छायाचित्रकाराने त्या दुसऱ्या माणसाकडे पाहण्यात आयुष्याची वर्षे घालवली. त्याचा गौरव टाळ्यांनी करण्यापेक्षा त्याची शिस्त अंगी बाणवणे अधिक कठीण आहे आणि अधिक उपयोगाचे आहे. पुढच्या शिबिराला येताना प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावचे एकच छायाचित्र आणावे. त्याच्या मागे नाव, गाव, तारीख लिहिलेली असावी. आणि त्याखाली, ते काढल्यानंतर त्या माणसासाठी काय केले, याची एक ओळ असावी. ती ओळ कोरी राहिली तर छायाचित्र कितीही चांगले आलेले असो, ते घेऊन पुन्हा त्याच गावी परत जावे.